धर्म कोणता आणि मानता काय: ठाणे-नवी मुंबईत घरोघरी विचारायचं कसं

कळव्यातल्या एखाद्या चाळीत जाऊन "तुमचा धर्म कोणता?" असं विचारा. पहिल्या दारात उत्तर येईल, "आगरी." दुसऱ्या दारात "मराठा", तिसऱ्या दारात "मारवाडी", आणि शेवटच्या खोलीत "आम्ही जय भीमवाले". चौघंही खरंच सांगतायत, पण चारांतलं एकही उत्तर धर्माच्या रकान्यात जसंच्या तसं बसत नाही. आगरी आणि मराठा हे समाज झाले. मारवाडी माणूस हिंदूही असेल, जैनही असेल. शेवटचा माणूस बौद्ध असण्याची शक्यता दाट आहे, तरी त्याने स्वतः म्हटल्याशिवाय ते लिहायचं नाही.

कॉलेजचा समाजशास्त्राचा प्रकल्प असो, एखाद्या संस्थेची वस्तीपाहणी असो किंवा स्थानिक अंकासाठीची लेखमाला, काम दोन वेगवेगळ्या गोष्टी मोजण्याचं आहे. माणूस स्वतःला कोणत्या धर्माचा म्हणवतो, ही एक. तो काय मानतो आणि काय पाळतो, ही दुसरी. या दोन्हींसाठी एकच प्रश्न ठेवला की सर्वेक्षण तिथेच फसलं.

आधी जनगणना वाचा

घराबाहेर पडण्याआधी २०११च्या जनगणनेचा सी-१ तक्ता उघडा. धर्मनिहाय लोकसंख्या त्यात राज्य, जिल्हा, तालुका आणि शहर या पातळ्यांवर मिळते. महाराष्ट्राची एकूण लोकसंख्या ११,२३,७४,३३३. त्यात हिंदू ७९.८३ टक्के, मुस्लिम ११.५४, बौद्ध ५.८१, जैन १.२५, ख्रिस्ती ०.९६, शीख ०.२०, 'इतर धर्म व पंथ' ०.१६ आणि 'धर्म नमूद नाही' ०.२५. वॉर्डनिहाय धर्माचे आकडे या तक्त्यात नाहीत. म्हणून कुणी "आमच्या वॉर्डात अमुक धर्माचे इतके टक्के" असं जनगणनेच्या नावावर सांगू लागलं, तर आकडा कुठून आणला ते आधी विचारा.

ठाण्याच्या आकड्यांत हमखास होणारी चूक जिल्ह्याची आहे. २०११च्या तक्त्यातला ठाणे जिल्हा म्हणजे आजचा ठाणे जिल्हा नव्हे. १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाला आणि वसईची ख्रिस्ती गावं, जव्हार-मोखाड्याचे आदिवासी पाडे असे आठ तालुके तिकडे गेले. जुन्या जिल्ह्याची टक्केवारी उचलून आजच्या जिल्ह्याला चिकटवू नका. ठाणे, कल्याण, भिवंडी, मुरबाड, शहापूर, उल्हासनगर आणि अंबरनाथ या सात तालुक्यांच्या ओळी काढा, माणसांचे आकडे बेरजेला घ्या आणि मग टक्केवारी काढा. टक्केवाऱ्यांची सरासरी काढायची नाही. मुरबाड आणि ठाणे तालुक्याला सारखंच वजन दिल्यासारखं होतं ते.

ठाणे शहरासाठी तालुक्याची ओळही चालत नाही, कारण ठाणे तालुक्यात ठाणे, नवी मुंबई आणि मिरा-भाईंदर या तिन्ही महापालिका येतात. शहराची ओळ वेगळी शोधा. नवी मुंबईत आणखी एक खाच आहे. खारघर, कामोठे, पनवेल इथला माणूस पत्ता नवी मुंबईचा सांगतो, पण हा भाग रायगड जिल्ह्यात आणि २०१६पासून पनवेल महापालिकेत आहे. तुमच्या अहवालातली 'नवी मुंबई' ऐरोली ते बेलापूर आहे की खारघरसकट, हे पहिल्याच पानावर लिहून टाका.

'इतर धर्म व पंथ' म्हणजे नास्तिक, असा समज सर्रास आहे. या रकान्यात पारशी, ज्यू, बहाई आणि स्वतःच्या धर्माचं नाव वेगळं सांगणारे आदिवासी असे सगळे येतात. त्यांचा तपशील सी-१च्या परिशिष्टात मिळतो. 'नास्तिक' असं स्पष्ट सांगणाऱ्यांची नोंदही तिथेच आहे, आणि देशभरात ती सुमारे ३३ हजारांवर थांबते. आता हा आकडा देशातल्या नास्तिकांचा धरायचा का? मुळीच नाही. जनगणनेत घरातलं एकच माणूस सगळ्यांच्या वतीने उत्तरं देतं. वडील "हिंदू" म्हणाले की देव न मानणारी मुलगीही हिंदू म्हणून नोंदली जाते. धर्माच्या नोंदीपुरतं ते बरोबर आहे. श्रद्धेबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

दोन जनगणनांची तुलना करताना वाटा आणि संख्या वेगवेगळ्या ठेवा. महाराष्ट्रातले बौद्ध २००१मध्ये ५८,३८,७१० होते, २०११मध्ये ६५,३१,२०० झाले. संख्या जवळपास १२ टक्क्यांनी वाढली. त्याच दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली, म्हणून वाटा ६.०३वरून ५.८१वर आला. "बौद्ध घटले" असा मथळा चूक. उलट्या बाजूचं उदाहरण १९५६च्या धर्मांतराचं. १९५१च्या जनगणनेत देशभरात मिळून बौद्ध दोन लाखांच्या आत होते, १९६१मध्ये साडेबत्तीस लाख. ती वाढ पाळण्यातून आलेली नव्हती, माणसांनी रकान्यातलं उत्तर बदललं होतं. आकडा हलला की जन्मदर, स्थलांतर आणि उत्तर बदलणं या तिन्ही शक्यता तपासायच्या.

घरं निवडणं

चारशे मुलाखती घेतल्या की अंदाजात पाच टक्क्यांचा फरक इकडेतिकडे, हे गणित पाठ्यपुस्तकात असतं. चारशे घरं संपूर्ण यादीतून चिठ्ठ्या टाकून उचलली, तरच ते लागू पडतं. प्रत्यक्षात सगळे काय करतात? चाळीस इमारती घेतात आणि प्रत्येकीत दहा घरं करतात. वेळ वाचतो, पण धर्माच्या बाबतीत हा सौदा फार महाग पडतो, कारण एका इमारतीतली माणसं एकमेकांसारखी असतात. फ्लॅट कुणाला विकायचा आणि भाड्याने कुणाला द्यायचा, हे सोसायट्यांत कसं ठरतं ते ठाण्यात कुणाला सांगायला नको.

हिशेब असा. दर इमारतीतल्या घरांच्या संख्येतून एक वजा करा, सारखेपणाच्या गुणांकाने (एका इमारतीतली माणसं किती सारखी, याचं शून्य ते एकमधलं माप) गुणा, त्यात एक मिळवा. गुणांक ०.३ धरला आणि इमारतीत दहा घरं केली तर ३.७ येतात. चारशेला ३.७ने भागलं की उरतात १०८. म्हणजे चारशे मुलाखतींना किंमत १०८ची, आणि चूक जवळजवळ साडेनऊ टक्क्यांची. शंभर इमारती घेऊन प्रत्येकीत चारच घरं केली तर भाजक १.९, किंमत २१०ची आणि चूक सात टक्क्यांच्या आत. पायपीट वाढते, पण तिला पर्याय नाही.

त्याआधी भाग पाडून घ्या. ठाण्यात गावठाण, चाळ-झोपडपट्टी, नौपाड्यासारख्या जुन्या इमारती, घोडबंदर रोडचे टॉवर आणि येऊरचे पाडे हे पाच वेगळे ढीग समजा. नवी मुंबईत सिडकोच्या सेक्टरांच्या मधोमध घणसोली, कोपरखैरणेसारखी मूळ गावं आहेत. सेक्टरच्या नकाशावर काम केलं की नेमकी ती सुटतात आणि अहवालातून आगरी-कोळी गायब होतात. मुंब्रा-कौसा "नंतर करू" म्हणून शेवटी ठेवलं आणि वेळ संपला, तर शहराचा सगळाच आकडा निकामी होतो.

मतदार यादीवरून घरं निवडायला हरकत नाही. यादीतल्या नावांवरून धर्म ओळखायला मात्र सक्त मनाई. डिसोझा, शेख ही नावं सोपी वाटतात. गायकवाड हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती तिघांतही सापडतात. शहा हिंदू की जैन, हे पाटीवरून कळत नाही. कोपरीतल्या सिंधी घरात गुरू ग्रंथसाहेबांपुढे माथा टेकणारी आजी रकान्यात "हिंदू" लिहायला सांगेल, आणि तेच लिहायचं.

घर ठरलं, आता घरातलं माणूस. "अठरा वर्षांवरच्यांपैकी ज्याचा वाढदिवस नुकताच झाला ते" ही प्रचलित पद्धत. आपल्याकडे ती अडखळते, कारण साठीच्या पुढच्या कितीतरी लोकांची जन्मतारीख शाळेच्या मास्तरांनी टाकलेली १ जून असते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सर्वेक्षण केलं तर सगळे आजी-आजोबाच हाती लागतात. त्यापेक्षा घरातल्या प्रौढांची वयानुसार यादी करा, आधीच छापून आणलेल्या आकड्यांच्या चिठ्ठीतून एक आकडा घ्या, त्या क्रमाच्या माणसाशी बोला. ते घरी नसेल तर वेळ ठरवून परत जा, असं तीनदा. शेजारच्या घरात उडी मारायची नाही, नाहीतर नमुन्यात दिवसा घरी असणारेच भरतात.

तारखाही सांभाळा. गणपतीत ठाण्याची निम्मी कुलपं कोकणात गेलेल्यांची. कोपरखैरणे-घणसोलीतली माथाडी कुटुंबं चैत्र-वैशाखात गावच्या जत्रेला सातारा-सांगलीकडे निघतात. श्रावणात उपासाचे आकडे फुगतात, मार्गशीर्षातल्या गुरुवारांतही तेच. खरं तर कोरा महिना आपल्याकडे नाहीच. त्यातल्या त्यात पौष, म्हणजे साधारण जानेवारी, बरा. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, तेवढं कॅलेंडरमध्ये पाहून घ्या. निवडणुकीची आचारसंहिता लागलेली असेल तर काम पुढे ढकला. धर्म विचारणारा माणूस तेव्हा पक्षाचाच वाटतो. जनगणनेचे कर्मचारी फिरत असतील तेव्हाही थांबा. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे.

प्रश्न कसे लिहायचे

धर्माचा प्रश्न सुरुवातीला नको, शेवटाकडे ठेवा. आधी घरातली माणसं, राहण्याची वर्षं, मग रोजचं पाळणं, मग श्रद्धा, मग धर्म. शब्द असे: "धर्माच्या रकान्यात तुमच्यासाठी काय लिहू?" उत्तर समाजाचं आलं, तर एकदाच पुन्हा विचारायचं: "आगरी हे समाजाचं झालं. धर्म म्हणून काय लिहू?" त्यावर "तेच लिहा" आलं तर 'आगरी' लिहा आणि पुढे जा. हातात मोठ्या अक्षरांचं कार्ड द्या, म्हणजे ज्याला मोठ्याने बोलायचं नाही तो बोट ठेवेल. कार्डावर 'कोणताच धर्म मानत नाही' आणि 'सांगायचं नाही' या दोन वेगळ्या ओळी हव्यात. दोन्हींची मिळून एक केली की निधर्मी आणि नाराज एकाच खात्यात पडतात. 'नवबौद्ध' छापू नका, 'बौद्ध' छापा. सरकारी कागदांत तो शब्द असला तरी अनेकांना तो टोचतो. लिंगायत, महानुभाव अशी उत्तरं आली तर ती जशी आली तशी टिपून ठेवा. हिंदूत धरायची की वेगळी, हे तक्ता करताना ठरवा आणि ठरवलेलं जाहीर लिहा.

जात विचारायची गरज नसेल तर विचारूच नका. "कुलदैवत कोणतं?" हा वरवर भक्तीचा प्रश्न आडून जात विचारतो आणि लोकांना ते पहिल्या फटक्यात कळतं. जातीची भीती धर्माच्या उत्तरातही उतरते. अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. बौद्धांचा समावेश १९९०चा. दाखल्यावर एक आणि घरात दुसरं, अशी वेळ अनेक कुटुंबांवर आलेली आहे. "दाखल्याशी याचा काही संबंध नाही, कुठे जोडलं जाणार नाही" हे वाक्य मुलाखत घेणाऱ्याच्या तोंडी पाठ हवं.

श्रद्धेच्या प्रश्नांत सगळ्यात मोठी गफलत म्हणजे एकाच धर्माच्या शब्दांत सगळ्यांना विचारणं. "देवळात किती वेळा जाता?" हा प्रश्न घरात पाच वेळा नमाज पढणाऱ्या बाईला शून्यावर आणून ठेवतो. "प्रार्थनास्थळ" हा शब्द बरा, पण तोंडी सांगताना देऊळ, मशीद, चर्च, विहार, देरासर, गुरुद्वारा असं म्हणा. आणि घरातलं पाळणं वेगळ्या प्रश्नात घ्या: पूजा, नमाज, वंदना, रोझरी, जैनांचं सामायिक, काहीही. "देव मानता का?" हा प्रश्न बौद्ध घरात वेगळ्या अर्थाने ऐकला जातो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाचं "नाही" हे श्रद्धेचा अभाव सांगत नाही, तीच त्याची श्रद्धा असते. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०१९-२०मध्ये देशभरात २९,९९९ प्रौढांना प्रत्यक्ष भेटून विचारलं, तेव्हा ९७ टक्के लोकांनी देव मानतो म्हणून सांगितलं, पण बौद्धांपैकी सुमारे एक तृतीयांश "नाही" म्हणाले. त्याच सर्वेक्षणात कर्मावर विश्वास असल्याचं ७७ टक्के हिंदूंनी सांगितलं आणि तितक्याच टक्के मुस्लिमांनीही. धर्मावरून श्रद्धा ताडायची नाही ती एवढ्यासाठी.

"नेहमी", "सहसा", "कधीकधी" हे पर्याय काढून टाका. कोण किती धार्मिक दिसू इच्छितो एवढंच त्यातून कळतं. "गेल्या सात दिवसांत किती दिवस?" असं विचारा. उपासासाठी "गेल्या महिन्यात किती दिवस?" आणि त्याला जोडून "त्या दिवशी काय खाल्लं?". साबुदाण्याची खिचडी, एक वेळचं जेवण आणि रोजाचा कडक उपास एकाच आकड्यात मिसळले तर तक्त्याला काही अर्थ राहत नाही.

एक प्रश्न मात्र गाळू नका: "गेल्या वर्षभरात दुसऱ्या धर्माच्या ठिकाणी नवस, दर्शन किंवा प्रार्थनेसाठी गेला होतात का? कुठे?" हाजीमलंग, माहीमच्या चर्चचा बुधवार, वांद्र्याची मोतमाउली, शिर्डी ही नावं इथे येतील. येऊरच्या पाड्यावर उत्तराला वेळ द्या. वाघोबा, हिरवा, हिमाई ही देवांची नावं 'दुसऱ्या' धर्माची की आपल्याच, हे विचारणाऱ्याने ठरवायचं नाही.

दारात

सोसायटीच्या सेक्रेटरीला दोन दिवस आधी संस्थेच्या लेटरहेडवर पत्र द्या. वॉचमनच्या वहीत खरं काम लिहा, 'कुरिअर' नको. संध्याकाळी सात ते साडेनऊ आणि रविवारी अकरा ते एक या वेळा चांगल्या. एका मुलाखतीला बारा ते पंधरा मिनिटं धरा. एकेका मुलाखतकाराच्या संध्याकाळी सहा-सातच मुलाखती होतात. आठ जण असतील तर चारशेला आठवडा लागतो, परतफेऱ्या वेगळ्या. आधी वीस घरांत चाचणी घ्या. ती वीस घरं मोजणीत धरायची नाहीत.

पहिलं वाक्य असं: "ही सरकारी गणना नाही. नाव लिहिणार नाही, कोणतंही कागदपत्र मागणार नाही, नको असेल तो प्रश्न सोडून द्या." जनगणनेत उत्तर देणं १९४८च्या कायद्याने बंधनकारक आहे, तुमच्याकडे तसा कोणताही अधिकार नाही. गळ्यातलं ओळखपत्र सरकारी दिसणार नाही असं करा. विशेषतः मुंब्र्यात "कशाला हवंय?" या प्रश्नाचं उत्तर नीट, न चिडता, दोनदा द्यावं लागलं तर द्या.

दहा बाय बाराच्या खोलीत सासूसमोर सून "रोज पूजा करते" असंच म्हणणार. तिला वेगळं बसवणं जमत नाही आणि तसा आग्रहही धरू नका. श्रद्धेच्या सहा-सात प्रश्नांचा कागद तिच्या हातात द्या, तिने खुणा करून घडी घालून पाकिटात टाकावा. वाचता येत नसेल तर "इथे दुसरं कोण होतं" एवढी नोंद फॉर्मवर करा. नंतर एकांतातली आणि सर्वांसमोरची उत्तरं ताडून पाहता येतात. विचारणाऱ्याचं आडनावही उत्तर हलवतं, म्हणून बिल्ल्यावर फक्त पहिलं नाव ठेवा आणि कुणी कोणत्या मुलाखती घेतल्या त्याचा सांकेतिक क्रमांक प्रत्येक फॉर्मवर घाला. एकाच मुलाखतकाराच्या फॉर्मांत 'निधर्मी' शून्य आणि बाकीच्यांत सहा-सात असतील, तर पर्याय वाचून दाखवायचा राहिला आहे.

तक्ता मांडताना

टॉवरमध्ये नकार जास्त येतात, त्याची भरपाई वजनाने करायची. धरा, वॉर्डात दहा हजार घरं: चाळीत सहा हजार, टॉवरमध्ये तीन हजार, गावठाणात एक हजार. हाती आल्या चाळीतल्या २२०, टॉवरच्या ६०, गावठाणातल्या ४० मुलाखती. मग चाळीतली एक मुलाखत २७ घरांची, टॉवरमधली ५०ची, गावठाणातली २५ची. सहा प्रौढांच्या घरातून एकच बोलला असेल तर त्याला पुन्हा सहाने गुणायचं. ही पायरी विसरली की एकत्र कुटुंबवाले आपोआप कमी मोजले जातात.

छोट्या गटांवर टक्केवारी टाकू नका. चारशेत एक टक्का म्हणजे चार माणसं. "शहरातल्या ज्यूंपैकी ५० टक्के…" असं लिहिलंत तर ती दोन माणसं असतील, आणि ओळखूही येतील. ठाण्यात १८७९चं शार हाशमायीम सिनेगॉग आजही आहे, बेने इस्रायली कुटुंबं आहेत, पण चारशेच्या नमुन्यातून त्यांच्याबद्दल काही बोलता येणार नाही. त्यांच्यासाठी वेगळं काम काढावं लागेल. दहापेक्षा कमी उत्तरं असलेला कोणताही चौकोन रिकामा ठेवा आणि इमारतनिहाय तक्ता छापूच नका.

काम संपलं की सोसायटीचा अध्यक्ष किंवा एखादा नगरसेवक हमखास विचारतो, "आमच्या बिल्डिंगचं काय निघालं, जरा दाखवा की." द्यायचं नाही, तोंडीही नाही. फ्लॅट क्रमांकांची यादी आणि फॉर्म पहिल्या दिवसापासून वेगळ्या फायलींत ठेवा, दोघांना जोडणारा क्रमांक एकाच माणसाकडे ठेवा. दहा टक्के घरांत फेरतपासणीचा फोन किंवा भेट झाली की तो क्रमांक आणि पत्त्यांची यादी फाडून टाका, फोनमधली आणि ईमेलवर पडलेली प्रतही पुसा.